लाँगरीचची कॅरव्हान आणि आमचे ३१,५०० डॉलर

आधी आकडा सांगून टाकते. ३१,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण साडेसतरा लाख रुपये. चोरीची कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेण्यात गेले. 'एवढी शिकलेली माणसं तुम्ही, कळलं कसं नाही?' हे सगळ्यांचं विचारून झालंय, आता पुरे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन ज्यांना क्वीन्सलँडच्या आतल्या भागात फिरायला जायचंय, आणि वाटेत स्वस्तात कॅरव्हान मिळाली तर घेऊन टाकू असं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी तेवढं वाचावं.

जुलै २०२४. ब्रिस्बेनहून निघालो तेव्हा प्राडो, दोन तंबू, आम्ही दोघं, मुलगा आणि सातारा जिल्ह्यातून आलेले सासू-सासरे. रोमा, ब्लॅकॉल, बारकॅल्डिन करत लाँगरीच, पुढे विंटन, क्लॉनकरी, माउंट आयझा आणि जमलं तर बार्कलीचं पठार, असा बेत. मामंजी माणदेशातले, सगळा जन्म खिल्लार बैलांमागे गेलेला. रोमाचा जनावरांचा बाजार बघून बाहेर यायला तयार नव्हते. पुढे रस्त्याकडेला ब्राह्मन गुरं दिसली की गाडी थांबवायला लावायचे. "वशिंड बघ त्याचं. ही तर आपलीच की!" आणि ते खरंच आहे. गीर, कांकरेज, ओंगोल ही आपली जनावरं अमेरिकेत नेऊन तिथे ही जात तयार केली, आणि १९३३ मध्ये ती क्वीन्सलँडला आली. उन्हाला आणि गोचिडाला टिकते म्हणून रुजली. हे इथे सांगतेय कारण ज्याने आम्हाला ती कॅरव्हान विकली त्या माणसाने मामंजींना पकडलं ते ह्याच विषयावरून.

जुलैत तिकडे रात्री चांगलीच थंडी पडते. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. जमिनीवरच्या तंबूतून त्यांना उठवायला दोघं लागायचे, आणि रात्री बाथरूमला जायचं म्हणजे तर बोलायलाच नको. त्यामुळे 'हौसेपायी फसलात' असं कुणी म्हणू नये. हौस नव्हती, अडचण होती.

लाँगरीचला थॉमसन नदीकाठच्या मोकळ्या तळावर उतरलो. आमच्या शेजारी पासष्टीचं एक जोडपं, अठरा फुटी पांढरी कॅरव्हान. बाईच्या मनगटाला प्लास्टर. तो माणूस घडीची खुर्ची घेऊन आला आणि मामंजींजवळ बसला. नवरा मध्ये दुभाषा. तुमच्याकडे किती जनावरं, औताला अजून बैल जोडता का, दुष्काळात चाऱ्याचं काय करता. तो स्वतः म्हणे कॅटल स्टेशनवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या रानावर, वाढलेला. जेवणापर्यंत मामंजींचा निकाल लागलेला: "माणूस मातीतला आहे." मग हळूच विषय निघाला. बायकोचं मनगटाचं ऑपरेशन अॅडलेडला आहे, ती विमानाने पुढे जाणार, एवढी व्हॅन ओढत तिथवर मी एकटा कसा जाऊ. ३८,००० सांगितले. तुम्ही भली माणसं म्हणून ३१,५००.

आता 'पीपीएसआर (वाहनावर कर्ज किंवा चोरीची नोंद आहे का ते दाखवणारी सरकारी नोंदवही) बघितलं का?' विचारणाऱ्यांना उत्तर: बघितलं. दोन डॉलर भरून, सरकारी साइटवर, तिच्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी साइटवर नव्हे. व्हॅनच्या ओळखप्लेटवरचा (नंबरप्लेटवरचा नव्हे) सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर मी स्वतः टाकला. कर्ज नाही, चोरीची नोंद नाही, राइट-ऑफ, म्हणजे भंगारात काढल्याची नोंद, नाही. एकदम स्वच्छ. स्वच्छ असणारच, कारण तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या तरी प्रामाणिक व्हॅनचा होता. तीच कंपनी, तेच मॉडेल. ह्यांनी नुसती प्लेट तशी बनवून चोरीच्या व्हॅनवर ठोकली होती. सर्टिफिकेट नंबरचं मिळतं, समोरच्या वस्तूचं नाही, हे मला कुणी सांगितलं होतं? कुठल्याही सल्ल्यात एवढंच असतं, की पीपीएसआर करा. केलं ना!

आणि तरीही एक क्षण होता. आजही तो आठवला की अंगाचा तिळपापड होतो. सासूबाईंचं इन्सुलिन नीट बसेल का बघायला मी फ्रिज उघडला. आत उजव्या भिंतीवर, भाजीच्या खणाच्या वर, चंदेरी स्टिकर. मॉडेल, सीरियल नंबर आणि सगळ्यात खाली ०३/२०१९. सर्टिफिकेटवर व्हॅनचं वर्ष होतं २०१६. मी विचारलं. हो, मी विचारलं! तो हसला, म्हणाला, पहिला फ्रिज बिघडला, कंपनीने बदलून दिला. एका श्वासात. बायकोने मागून मान हलवली. फ्रिज बिघडतात, कंपन्या बदलून देतात, ह्यात संशय घेण्यासारखं काय होतं? फक्त तिथेच न थांबता मी शेगडीच्या मागची पट्टी बघायला हवी होती. खिडकीच्या काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बघायला हवा होता. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर बदलतात, मान्य. पण काचा, शेगडी, फ्रिज सगळं एकाच साली कोण बदलतं? सगळंच्या सगळं २०१९ चं होतं. अंधार पडत होता, सासूबाई थंडीत उभ्या होत्या, आणि मी फ्रिजचं दार लावलं.

ड्रॉबारवर, म्हणजे व्हॅन गाडीला जोडायच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर, जाड काळा रंग होता, नवा. "खडी उडून गंजतं." हेही पटण्यासारखंच. तिकडे खडी उडतेच.

पैसे. बँकेची रोजची मर्यादा २०,००० म्हणून संध्याकाळी २०,००० आणि सकाळी ११,५००. खातं वेगळ्याच नावाचं, 'मुलीचं'. लायसन्सचा फोटो दिला होता त्याने, तो खोटा निघाला, तेव्हा लायसन्सच्या फोटोवर समाधान मानू नका. आणि नावाबद्दल बोलायचं तर, तेव्हा इथल्या बँका बीएसबी (बँक-शाखेचा कोड) आणि खाते नंबर बघून पैसे पाठवायच्या, नाव तुम्ही काहीही लिहा. नाव जुळतं का ते दाखवणारी सोय २०२५ मध्ये सुरू झाली. आमच्यासाठी एक वर्ष उशिरा.

पुढचे काही दिवस, खोटं कशाला बोलू, छान गेले. विंटनच्या पुढे नुसतं पिवळं गवत, मधेच कॅटल ग्रिडवरून (गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्या) चाकं खडखडली की सासूबाई दचकायच्या. समोरून रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, यायच्या, पन्नासेक मीटर लांब, त्यांच्या वाऱ्याने व्हॅन हलायची. रात्री सासूबाई पलंगावर झोपायच्या. ते बघून वाटायचं, वसूल झाले पैसे.

व्हॅनला साउथ ऑस्ट्रेलियाची नंबरप्लेट होती. ती क्वीन्सलँडला आमच्या नावावर करायला सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, म्हणून माउंट आयझाला एका गॅरेजात नेली. मेकॅनिक अगदी पोरगा होता. त्याने वायर ब्रशने ड्रॉबारचा रंग खरवडला, बोट फिरवलं आणि गप्प झाला. रंगाखाली धातूत कोरलेला नंबर होता. प्लेटशी जुळत नव्हता. नवऱ्याने तिथेच उभ्या उभ्या तो नंबर टाकून परत दोन डॉलर भरले. चोरीची नोंद. पोराने १८५ डॉलर घेतले आणि पोलिसांना फोन करणं भाग आहे म्हणाला. त्याची चूक नाही. खरं काम त्या एकट्यानेच केलं.

म्हणून: रंगाखाली बघा. विकणारा रंग खरवडू देत नसेल तर तिथून निघा. पीपीएसआर त्या कोरलेल्या नंबरावर करा, आणि पैसे देण्याच्या दिवशी करा.

पोलिसांनी व्हॅन ताब्यात घेतली आणि एक कागद दिला. सामान काढायला जेमतेम वेळ. चोरीचा माल विकत घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, हा कायदा आहे, ठीक. पण मग आमची तक्रार कुणी घ्यायची? व्हॅन चोरीला गेली एका राज्यात, विकली दुसऱ्या राज्यात, बँक खातं तिसऱ्या राज्यातलं. प्रत्येक ठिकाणी 'हे तिकडचं प्रकरण'. एका अधिकाऱ्याने फोनवर विचारलं, बाजारभावापेक्षा स्वस्त मिळत होती तेव्हा तुम्हाला शंका आली नाही का? म्हणजे चोर बाजूला, आरोपी आम्ही! ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरली तर आपोआप आलेली ईमेल आणि एक तक्रार नंबर. त्या नंबरावर पुढे काय झालं हे विचारायला फोन करा, तर म्हणतात, 'तो नंबर आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही.' तळावर आमच्या शेजारी त्या जोडप्याची गाडी दोन रात्री उभी होती, मुलाच्या फोनमध्ये मागे तिची नंबरप्लेट दिसतेय असा फोटो आहे, तो पाठवला. पोचही नाही. कुणी तो उघडून बघितला असेल असं मला वाटत नाही.

इन्शुरन्सचे ४१२ डॉलर भरले होते. कंपनी म्हणते, व्हॅन तुमची नव्हतीच, त्यामुळे पॉलिसीच लागू नाही. आयझाला आयत्या वेळी मोटेल, १,२६० डॉलर. सासू-सासऱ्यांची परतीची विमानं बदलली त्याचे वेगळे. मामंजी ब्रिस्बेनला येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. पैशांचं नव्हे, त्या माणसाशी बैलांवर बोललो ह्याचंच त्यांना लागलं होतं.

डीलरकडे चार पैसे जास्त जातात, जाऊ देत. त्याला निदान दुकान असतं, उद्या सकाळी तिथे जाऊन भांडता येतं. खाजगी घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्या नावाचं बिल बघून घ्या, नदीकाठी नाही. आणि आई-वडिलांशी गोड बोलणाऱ्यावर आधी संशय घ्या, हे वाईट वाटलं तरी.

बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवले. पहिले २०,००० गेल्यावर रात्रभरात ते खात्यातून काढले गेले, तरी सकाळी त्याच खात्यावर ११,५०० जाऊ दिले, ह्यावर त्यांच्याकडे उत्तर नाही. तक्रारीला उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून मात्र २०० डॉलर 'सद्भावना' म्हणून देऊ केलेत. अजून घेतलेले नाहीत. ते स्वीकारले की प्रकरण मिटलं असं धरलं जाईल, हे पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं आहे.