पोहायला शिकले, वय ४२: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

माहेर कोल्हापूरकडचं, सासर मालवणजवळच्या देवबागचं. घराच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. अशा जागी मी एकोणीस वर्षं काढली आणि पोहता येत नव्हतं. बाहेरचे लोक हसतात, पण आमच्या वाडीत माझ्या वयाच्या बऱ्याच बायकांची हीच गत आहे. मुलगे लहानपणीच खाडीत पडतात, मुली काठावर मासळी निवडतात. घरात होमस्टे असल्यामुळे पाहुण्यांसोबत होडीत जावं लागतं, आणि दर वेळी चढताना माझ्या पोटात गोळा.

आधी वाया गेलेल्या पैशांचं सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात माहेरी असताना तिथल्या तलावावर एकवीस दिवसांची बॅच केली. फळी धरून पाय मारले, नाकातोंडात क्लोरीन गेलं, शेवटच्या आठवड्यात तलावाची रुंदी पार केली. पण तरंगायला कोणी शिकवलंच नाही. हातपाय थांबले की मी खाली. सायकल चालवता येते पण थांबून पाय टेकता येत नाही, असला प्रकार. देवबागला परत आल्यावर खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि कळलं की धरायला कठडा नसला तर मला काहीच येत नाही.

पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आबांच्या मागे लागले. आबा म्हणजे माझे चुलतसासरे, जन्म होडीवर गेलेला. त्यांनी परसातले दोन न सोललेले सुके नारळ घेतले, सोडणाची थोडी साल सोडवून एकमेकांना बांधले आणि ती जोडी माझ्या छातीखाली दिली. एक नारळ या काखेला, एक त्या. घरात तेलाचे रिकामे कॅन होते, तेही पाठीला बांधून पाहिले. कॅन जास्त उचलतो, पण दोरी काचते आणि उताणं पडायचं म्हटलं की मध्ये येतो. नारळाची जोडी लगेच काढून बाजूला सोडता येते, शिवाय फुकट. माझं मत नारळाला.

आठ दिवस आबांनी हात मारूच दिले नाहीत. "गो, पाण्याशी झगडतंस कित्याक? खाटीर पडतंस तसा पड. पेवक मागीर शिक, आधी पडाक शिक." म्हणजे पोहायला नंतर शिक, आधी पाण्यावर पडून राहायला शिक. कान पाण्यात, हनुवटी वर, छाती भरून श्वास. ऐकायला सोपं आहे. कानात पाणी शिरलं की मान आपोआप उचलली जाते, मान उचलली की कंबर खाली जाते आणि मग सगळंच जातं. मला जमायला अकरा दिवस लागले. ज्या सकाळी जमलं त्या सकाळी मी आभाळाकडे बघत पडून होते आणि आबा काठावर विडी ओढत होते. एवढंच. पण एकोणीस वर्षांची भीती तिथे निम्मी झाली.

एक गोष्ट अनुभवाने कळली. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणून ते आपल्याला जास्त उचलून धरतं. खाडीत मस्त तरंगणारी मी गावच्या विहिरीत उतरले तर पाय खाली जायला लागले. म्हणून दोन्हीकडे सराव करा. खाडीचं पाणीही पावसानंतर गोडसर असतं आणि उन्हाळ्यात खारट होत जातं. ऑक्टोबरातली माझी फजिती थोडी त्यामुळेही असावी, असं मी स्वतःला समजावते.

दुसरं, आबांनी मला पंजाबी ड्रेस घालून, ओढणीसकट पाण्यात घातलं. जाऊबाई हसून बेजार. पण माणूस पडतो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. पाण्यात असताना कपडे तितके जड लागत नाहीत, हातापायांना अडवतात मात्र. खरं वजन बाहेर निघताना कळतं.

उपयोग झाला तो एप्रिलमध्ये. पाहुणे उतरले, मी शेवटची. होडी हलली, पाय सटकला, आणि मी होडी आणि धक्का यांच्यामधून थेट पाण्यात. सुकती, म्हणजे ओहोटी, जोरात होती. पहिले काही क्षण शिकलेलं सगळं विसरले, घोटभर पाणी प्यायले, ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. बुडणारा माणूस हात हलवून हाका मारतो हे सिनेमातलं. तोंड पाण्याच्या पातळीवर असताना श्वासच पुरत नाही, हाक कुठून मारणार? मग कान पाण्यात गेले आणि अंगाला आपोआप आठवलं. उताणी झाले, पाय पुढे केले, श्वास लागू दिला. प्रवाहाने नेलं तिकडे गेले. पुढे नांगरलेल्या होडीचा दोर हाताला लागला, तो धरून राहिले. नवऱ्याने दुसरी होडी आणेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. धक्क्याकडे उलटं पोहत गेले असते तर दहा हातांत दमले असते. माझी मजल अजूनही तीस-चाळीस मीटरचीच आहे.

ब्रिटनमध्ये आरएनएलआय ही समुद्रात बचावकार्य करणारी संस्था लोकांना हेच सांगते: पाण्यात पडलात तर आधी तरंगा. आबांनी हे नाव ऐकलेलंसुद्धा नाही.

समुद्राच्या बाजूला मी अजून कमरेच्या पुढे जात नाही. पोहायला शिकल्यावर पाणी बघायला शिकले, हा न मागता मिळालेला फायदा. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत दिसतो. पाहुणे पोरांना घेऊन नेमके तिथेच उतरतात. किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत आत जात असतं, तीच ओढ. तिच्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. तरंगा, आणि किनाऱ्याला समांतर सरकत तिच्या बाहेर या. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडला सहलीला आलेली कॉलेजची मुलं बुडाली, ती बातमी मी वाचली तेव्हा म्हणाले होते की पोहता येत नसेल बिचाऱ्यांना. आता तसं पटकन म्हणणार नाही. तलावात पन्नास फेऱ्या मारणारे दोन पाहुणे आमच्याच समोर पहिल्या लाटेत भेदरलेले पाहिलेत.

होडीतलं लाईफ जॅकेट सोडलेलं नाही, आणि घेताना त्यावरचा न्यूटनचा, म्हणजे उचलून धरण्याच्या ताकदीचा, आकडा बघा. ५० न्यूटनचं फक्त पोहता येणाऱ्याला आधार म्हणून असतं, न येणाऱ्याला किमान १०० चं हवं. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावलाच पाहिजे, नाहीतर जॅकेट वर सरकून कानांशी येतं.

तक्रारी? जानेवारीत कान दुखून पंधरा दिवस बंद. साडेतीनशे रुपयांचा गॉगल महिन्याभरात धुरकट झाला. आणि लेक आता "आई पण पोहते" म्हणत नको तिथे उड्या मारते. तिला सांगून ठेवलंय, मैत्रीण बुडताना दिसली तर पाण्यात उडी नाही. आधी हाका मारून माणसं जमव, मग कॅन, दोर, जे हाताला लागेल ते फेक.

१ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढल्यात आणि माझंही पोहणं आता पाऊस संपेपर्यंत बंद. नारळाची जोडी परसात टाकून दिली होती. परवा पाहिलं तर त्यातल्या एकाला कोंब आलाय. सासूबाईंनी विहिरीजवळ खड्डाही काढून ठेवला. ऑक्टोबरात आबांकडे नवी जोडी मागावी लागणार.