आठ दिवसांत गोरं करणारी डबी: घेण्याआधी वाचा

तुळशीचं लग्न झालं की बेळगावच्या खडे बाजार, गणपत गल्लीत लग्नाच्या खरेदीची गर्दी उसळते. साड्या, बांगड्या, मेकअपचं सामान यांच्यासोबत हल्ली आणखी एक गोष्ट हळू आवाजात मागितली जाते: ‘ती रीलमधली नाईट क्रीम’. कधी ती इन्स्टाग्रामवर मेसेज करून कुरिअरने येते, कधी ओळखीच्या पार्लरमधून ‘फॉर्म्युला क्रीम’ म्हणून बिनलेबलाच्या डबीत मिळते. नावं आणि झाकणाचे रंग बदलत राहतात, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नसून या सगळ्या प्रकाराचं आहे. आमच्या मते तो एकाही गुणाच्या लायकीचा नाही.

आधी डबी हातात घेऊन नीट बघा. भारतात विकायच्या सौंदर्यप्रसाधनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. या डब्यांवर बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. असतो तो गोऱ्यापान बाईचा फोटो आणि आपल्याला वाचता न येणारी अक्षरं. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली, किंवा उघडी राहिलेली क्रीम करडी पडत गेली, तर आत पारा असल्याची दाट शंका घ्यायची. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही लिहिलेलं असेल तर शंकेलाही जागा उरत नाही. पण यादीत पारा नाही म्हणून क्रीममध्ये तो नाही, असं मात्र धरून चालू नका.

आता गुणाचं. क्रीम लावल्यावर फरक पडतो आणि लवकर पडतो, हे खरं आहे. खरा धोका तिथेच आहे. साध्या मॉइश्चरायझरने किंवा हळद-बेसनाने आठवड्यात रंग उजळत नाही. तो उजळला, तर आत औषध आहे किंवा विष आहे.

औषध म्हणजे बहुतेक वेळा स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण. स्टिरॉइडने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि पुरळ दबतं, चेहरा फिकट आणि नितळ दिसतो. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होणं रोखतं. ट्रेटिनॉइनमुळे वरचा थर लवकर झडतो. हे तिन्ही एकत्र देण्याची पद्धत 1975 पासूनची आहे आणि वांगावर त्वचारोगतज्ज्ञ आजही असं मिश्रण देतात, पण ठरावीक आठवड्यांपुरतं, फक्त डागांवर आणि देखरेखीखाली. लेबलवर ‘आरएक्स’ची खूण आणि ‘शेड्यूल एच’ असा शब्द असेल तर ती गोरेपणाची क्रीम नव्हेच, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. मुली मात्र तीच पूर्ण चेहऱ्याला महिनोन्‌महिने रोज रात्री चोपडतात.

मग त्वचा पातळ होत जाते. गालांवर लाल बारीक रेषा उमटतात, ओठाच्या वर आणि हनुवटीवर लव वाढते, उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं तरी आग होते. घाबरून क्रीम बंद केली की दबलेलं सगळं उसळून येतं: लाली, खाज, पुरळ आणि आधीपेक्षा गडद रंग. मुलगी म्हणते, ‘क्रीम सोडली की चेहरा खराब होतो’, आणि पुन्हा डबी उघडते. विकणाऱ्याला कायमचं गिऱ्हाईक मिळतं ते असं.

पाऱ्याचं प्रकरण याहून वाईट. सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग इतकी आहे. डोळ्यांच्या काही प्रसाधनांना थोडी सवलत असली, तरी चेहऱ्याच्या क्रीमला ती नाही. पारा कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचे आजार उघड झाले, तेव्हा ही गोष्ट देशभर पोचली. लघवीला फेस येणं, सकाळी पापण्या आणि संध्याकाळी घोटे सुजणं या खुणा ओळखून ठेवा. उशीच्या अभ्र्यातून, टॉवेलमधून, गालाला गाल लावल्याने तो घरातल्या लहान मुलांपर्यंतही जातो. गरोदर बाईने तर असली डबी घरातही ठेवू नये.

एवढं असून ती खपते, कारण विक्री रीलवर होते. ‘आधी’चा फोटो खिडकीकडे पाठ करून काढलेला असतो, ‘नंतर’चा रिंगलाइटसमोर. दोन्हींतली मागची भिंत बघा. भिंतही उजळली असेल तर तो दिव्याचा नाहीतर एक्स्पोजरचा प्रताप. चेहरा गोरा पण कान, मान आणि हाताचा पंजा तसाच असेल तर फिल्टर किंवा फाउंडेशन. रोमछिद्रं आणि ओठावरची लव पार गायब असेल तर कॅमेऱ्याचा ब्यूटी मोड. बऱ्याच फोनमध्ये तो आपोआप चालू असतो. त्यामुळे कॉलेजला जाणारी मुलगी स्वतःचाच गुळगुळीत केलेला चेहरा दिवसभर बघते आणि संध्याकाळी आरशातला चेहरा तिला आजारी वाटू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन तो मोड आजच बंद करा. त्यात ‘मुलगी बघायला येणार आहेत, जरा उजळ दिसू दे’ म्हणणारी मावशी-काकू घरात असली की डबी आलीच. या बायकांनाही लेबल वाचून दाखवा, त्या ऐकतात.

पैसे घालवायचेच असतील तर परवाना क्रमांक असलेल्या एसपीएफ 30 किंवा 50 च्या सनस्क्रीनवर घालवा. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांबीभर येईल एवढी घ्यायची, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायची आणि उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा. ती रंग बदलत नाही, उन्हाने काळवंडणं आणि वांग वाढणं आवरते. बहुतेक जणी वाटाण्याएवढी लावतात आणि ‘फरक नाही’ म्हणून सोडून देतात.

डबी आधीपासून वापरत असाल तर स्टिरॉइडच्या बाबतीत एकटीने उपाय करत बसू नका. सोडताना येणारी लाली आवरायला डॉक्टर दुसरं औषध देतात किंवा हळूहळू कमी करायला सांगतात. पाऱ्याचा संशय असेल तर मात्र वापर त्याच दिवशी थांबवा, अभ्रे-टॉवेल बदला, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लघवीतलं प्रोटीन व पारा तपासून घ्या. बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलमध्येही त्वचाविभाग आहे, त्यामुळे खर्चाच्या भीतीने थांबू नका. डबी कचऱ्यात टाकू नका. झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, खोका, बिल आणि विकणाऱ्याशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. डॉक्टरांना काय लावलं होतं ते कळायला आणि औषध नियंत्रण कार्यालयात तक्रार द्यायला तेच लागतात.