आमरसाच्या वाटीची केशरी पट्टी : भट्टीत घडवलेल्या काचेचा संच, दहा महिन्यांनंतर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून आमरसाची वाटी काढली, उरलेला रस मुलांना वाढला आणि वाटी धुताना बोटाला खरखर लागली. आतल्या काठाची केशरी पट्टी रसाच्या पातळीपर्यंत निस्तेज झाली होती. रस न लागलेला वरचा भाग मात्र चकचकीत. मधे सरळ रेघ. या पट्टीवर भाळूनच मी हा संच घेतला होता, आणि तोच रस माझ्या मुलांच्या पोटात गेला होता.

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या प्रदर्शनातून सहा ताटं आणि दोन वाट्या घेतल्या, सगळं मिळून 5,500 रुपये. अमळनेरला आणेपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही. पहिले सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होते. पौषात गारठलेल्या ताटात उकळती शेवभाजी वाढली आणि ते चिरलं, पण ती चूक माझी. ही काच टफन (तापवून झटकन गार करून मजबूत) केलेली नसते, एकदम गरम-गार तिला सोसत नाही. मायक्रोवेव्हमध्येही घालू नका. ताटांच्या पाठीला पांढरी भुकटी होती, ती भट्टीच्या फळीला काच चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाची. घासून निघाली.

पट्टीचं मात्र डोक्यातून जाईना. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "ताई, काच आहे, काचेला काय होणार? फूड सेफचा स्टिकर आहे ना?" स्टिकर आहे. कशाच्या आधारावर लावला, ते सांगता आलं नाही. सासूबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "बिगर कल्हईना भांडामा ताक कोनी ठेवस का?" आमच्या घरी पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की कढी-ताक त्यात जातच नसे. आंबट भांड्यातलं ओढून घेतं, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी सगळा संच परत करायचा ठरवलं होतं. आता मत थोडं बदललं आहे.

पांढरं व्हिनेगर आणलं आणि दुसऱ्या वाटीत काठोकाठ, एका ताटातल्या लाल तुकड्यावर थोडं, असं 24 तास ठेवलं. वाटीची पट्टी तशीच फिकी पडली. ताटाला काही झालं नाही. मग पुन्हा फोन केला, या वेळी नेमकं विचारलं, तेव्हा उलगडा झाला. ताटांत रंगीत काचेचेच तुकडे आहेत, वरून पारदर्शक काच ठेवून साधारण 800 अंशांना एकजीव केलेले. वाटीची पट्टी मात्र नंतर ब्रशने काढलेली, वरून उघडी. काचेवरचा असा रंग कमी तापमानाला वितळावा म्हणून त्यात पूर्वापार शिसं घालत आले आहेत. बिनशिशाचेही रंग मिळतात, पण यात कोणता, ते त्यांना माहीत नव्हतं. पिवळ्या-केशरी-लाल छटांसाठी कॅडमियम वापरतात, शिशासारखाच विषारी धातू. ते काचेच्या पोटात पक्कं बसलेलं असणं वेगळं आणि पृष्ठभागावरच्या कच्च्या थरात असणं वेगळं.

ताटाला काही झालं नाही म्हणून मी निर्धास्त नाही. शिसं आणि कॅडमियम डोळ्यांना दिसत नाही. रंग तसाच राहूनही ते उतरू शकतं. खरी तपासणी प्रयोगशाळेत होते : 4 टक्के अॅसेटिक आम्ल 24 तास भांड्यात ठेवून, त्यात किती धातू उतरला ते मोजतात. तो अहवाल मी तीनदा मागितला. तिन्ही वेळा "पाठवतो" ऐकलं. वाट्यांच्या 1,300 रुपयांचं कूपन देऊ म्हणाले. कूपन घेऊन मी तिथूनच आणखी काय आणू? मला पैसे हवेत आणि ताटांचा अहवाल हवा.

तुम्ही असं काही घेणार असाल तर जेवणाच्या बाजूवरून नख फिरवून बघा. रंग उंचवट्यासारखा नखाला लागला तर तो वरून दिलेला आहे. नाही लागला तरी विचारा, रंग काचेत आहे की काचेवर.

उरलेल्या पाच ताटांत सध्या फक्त कळण्याची भाकरी आणि कोरडं खाणं वाढते. लोणचं, लिंबू, कढी, रस स्टीलमध्ये. वाट्या वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून. मुलांचा हात तिथे पोचत नाही.