कायटनचा दात घ्यावा की लिम्पेटचा?

मटेरियल सायन्सच्या प्रकल्पासाठी कायटन आणि लिम्पेट या समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या, कवच असलेल्या दोन मृदुकाय प्राण्यांपैकी कुणाचा दात निवडावा, असं एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. ‘जगातला सर्वांत मजबूत पदार्थ’ वगैरे मथळे बाजूला ठेवू. दोघेही खडकावरचं शेवाळ खरवडून खातात. पुढचे दात झिजले की मागच्या ओळी पुढे सरकतात.

कठीणपणात कायटन निर्विवाद सरस. त्याच्या दातावर मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचं कवच असतं, ते शास्त्रज्ञ हाइंझ लोवेनस्टॅम यांनी १९६२ मध्ये ओळखलं. दात चक्क चुंबकाकडे ओढला जातो! आधी कायटिनचं (कीटकांच्या कवचातही असणाऱ्या सेंद्रिय पदार्थाचं) जाळं विणलं जातं, मग त्यात फेरिहायड्राइट हे लोहाचं दुसरं खनिज साचतं आणि त्याचंच पुढे मॅग्नेटाइट होतं. हे सगळं भट्टीशिवाय, समुद्राच्याच तापमानाला. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

ताण सोसण्यात मात्र लिम्पेट. २०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या दाताचं ३ ते ६.५ गिगापास्कल (दाबाचं एकक) ताणबल, म्हणजे ओढून तुटेपर्यंत सोसलेला ताण, मोजलं. कायटिनमधले गोएथाइट या लोहखनिजाचे तंतू इतके बारीक, की त्यांना कमकुवत करणारा दोष त्यात मावतच नाही. पण मोजलेले नमुने सूक्ष्म होते. मोठ्या तुकड्यात तेच बळ मिळेल असं धरू नका.

झीज सोसणारी कापायची, छिद्रं पाडायची हत्यारं डोळ्यांसमोर असतील तर कायटन घ्या. हलका पण ताणाला दणकट तंतुमय पदार्थ हवा असेल तर लिम्पेट. खनिज घडतं कसं, याचंच कुतूहल असेल तर बिनदिक्कत कायटन.