भीड भिकेची बहीण: पगाराच्या बोलणीत अ‍ॅम्बिशनबॉक्स, ग्लासडोर आणि लेव्हल्स कितपत कामाच्या?

टेक्निकल राउंड होतात, मॅनेजरशी सूर जुळतो, आणि मग एचआरचा फोन येतो: "करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड?" यातल्या मधल्या प्रश्नावर, म्हणजे सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती हवा यावर, भलेभले अडखळतात. "कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या" असं पुटपुटून मोकळे होणारे आपल्याकडे पुष्कळ. पैशाचं स्वतःच्या तोंडाने कसं बोलायचं, ही भीड आहेच. पण त्यातली निम्मी भीड हाताशी आकडा नसल्याची असते. समोरच्याच्या स्क्रीनवर त्या पदाची किमान-कमाल मर्यादा उघडी असते. आपल्याकडे असतो कुणा मित्राने चहा पिता पिता सांगितलेला एक आकडा, तोही फुगवलेला.

ही तफावत भरून काढू म्हणणाऱ्या तीन साइट्स आपल्याकडे सर्रास वापरल्या जातात. त्यांना इथे एकच कसोटी लावली आहे: फोनवर "एक्स्पेक्टेड किती?" असं विचारलं गेल्यावर यातलं काय उपयोगी पडतं? कंपनीची संस्कृती, कँटीन, मॅनेजरचा स्वभाव यांबद्दल तिथे जे लिहिलेलं असतं, त्याचा विचार केलेला नाही.

अ‍ॅम्बिशनबॉक्स (५ पैकी साडेतीन)

नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजचीच ही साइट. त्यामुळे भारतातल्या नोंदींचा साठा दांडगा आहे, आणि तो फक्त आयटीचा नाही. हिंजवडीतल्या डेव्हलपरबरोबर चाकण-रांजणगावच्या प्लांटमधल्या क्वालिटी इंजिनीअरला, खासगी बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरला, औषध कंपनीच्या एमआरलाही तिथे काहीतरी सापडतं. इतर दोघींकडे ही सोय जवळजवळ नाही.

बघायचं कसं? कंपनीच्या पानावर पगाराच्या भागात जा, पद निवडा, अनुभवाची वर्षं लावा. मोठ्या अक्षरातली सरासरी सोडून द्या. खालचा-वरचा आकडा बघा आणि हे सगळं किती नोंदींवर बेतलंय ते बघा. पंचवीस-तीसपेक्षा कमी नोंदी असतील तर ती ऐकीव माहिती समजावी.

खरा घोळ पदनामांचा. कॉग्निझंटमधला 'असोसिएट' आणि परदेशी बँकेच्या पुण्यातल्या टेक्नॉलॉजी सेंटरमधला 'असोसिएट' यांचा एकमेकांशी संबंध नाही. टीसीएसचा आयटी अ‍ॅनलिस्ट, इन्फोसिसचा टेक्नॉलॉजी अ‍ॅनलिस्ट आणि कॅपजेमिनीचा अ‍ॅनलिस्ट हे तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे असतात. कॅपजेमिनीत ती सुरुवातीचीच पायरी. बँकेतला 'व्हाइस प्रेसिडेंट' ऐकून गावाकडे पेढे वाटले जातात, प्रत्यक्षात तो दहा-बारा वर्षं कोड लिहिलेला इंजिनीअर असू शकतो. म्हणून पदनाम जुळवू नका, अनुभवाची वर्षं आणि काम जुळवा. ऑफर ज्या पदाची आहे त्याचं ग्रेड किंवा बँड एचआरला आधी विचारून घ्या. हा प्रश्न विचारण्यात कसलाच संकोच नको, ती सरळ माहिती आहे.

दीड गुण कापले ते दुसऱ्या कारणासाठी. इथला आकडा वार्षिक, एकत्रित. त्यातलं फिक्स (ठरलेलं) किती, व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमीजास्त होणारं) किती, कुणी जॉइनिंग बोनसही त्यात मिसळला आहे का, हे कळत नाही. आणि बोलणी फसतात ती नेमकी इथेच.

दोन पत्रांचा हिशेब

समजा पुण्यातल्या दोन कंपन्यांची पत्रं हातात आहेत. पहिलं १४ लाखांचं. त्यात १५ टक्के, म्हणजे २,१०,००० रुपये व्हेरिएबल. बेसिक ७ लाख; त्यावर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ ८४,०००; ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ३३,६७०. ग्रुप इन्शुरन्सचे १६,३३०. हे सारं सीटीसीतच धरलेलं. वजा केलं की महिन्याचा ग्रॉस उरतो ८८,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ७,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला (फेब्रुवारीत ३००) की खात्यात पडतात ८०,८००. चौदा लाखांना बाराने भागून लाखाच्या वरचा ईएमआय ठरवणाऱ्यांनी इथे थांबावं.

दुसरं पत्र साडेबारा लाखांचं. व्हेरिएबल नाही. इन्शुरन्स सीटीसीबाहेर. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी दरमहा १,८००. बेसिक सव्वासहा लाख, ग्रॅच्युइटी सुमारे ३०,०००. इथे हातात येतात साधारण ९७,८५०. दीड लाखाने लहान दिसणारं पत्र दरमहा सतरा हजार जास्त देतं. नव्या करप्रणालीत २०२५-२६ च्या दरांनी दोन्हीकडे आयकर शून्य, त्यामुळे फरक फक्त मांडणीचा.

पण पीएफ आपलाच पैसा आहे, तोही धरू. कंपनीचा पीएफ मिळवला तर पहिल्या पत्रात वर्षाला खात्रीचे ११.४० लाख, दुसऱ्यात सुमारे १२.२० लाख. अंतर ८०,००० चं. म्हणजे पहिल्या कंपनीने व्हेरिएबलपैकी ३८ टक्क्यांहून जास्त प्रत्यक्ष दिलं तरच ते १४ लाखांचं पत्र पुढे जातं. मग एचआरला विचारायचा प्रश्न आपोआप ठरतो: "गेल्या दोन वर्षांत या ग्रेडला व्हेरिएबल किती टक्के मिळालं? आणि वाटपाच्या तारखेला कंपनीत असणं बंधनकारक आहे का?" हे विचारताना आवाज खाली जायचं कारण नाही. उत्तर गुळमुळीत आलं तर व्हेरिएबल शून्य धरून हिशेब करावा.

ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षं पुरी झाल्यावरच हातात येते. दोन-तीन वर्षांत उडी मारायची ज्यांची रीत आहे त्यांनी ती रक्कम पगारात मोजूच नये. फिक्स्ड टर्म करारावर असाल तर नव्या श्रमसंहितांनुसार एका वर्षानंतर हक्क मिळतो. याच संहितांमुळे इंटरनेटवरचे बरेच जुने कॅल्क्युलेटर शिळे झालेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. बेसिक ३०-४० टक्के गृहीत धरणारं कॅल्क्युलेटर ग्रॅच्युइटी कमी दाखवतं, आणि पूर्ण वेतनावर पीएफ कापणाऱ्या कंपनीत हातात येणारी रक्कम जास्त.

अ‍ॅम्बिशनबॉक्सवर टेक-होम कॅल्क्युलेटर आहे, तसे डझनभर इतरत्रही आहेत. कुठलाही वापरण्याआधी एक परीक्षा घ्या. वर्षाचा ग्रॉस पगार १३ लाख टाका, नवी करप्रणाली आणि २०२५-२६ चे दर निवडा. कर २६,००० दाखवला तर कॅल्क्युलेटर शहाणं आहे. ६६,३०० दाखवला तर त्याला मार्जिनल रिलीफ (करमुक्त मर्यादा थोडी ओलांडली तर वरच्या रकमेपेक्षा जास्त कर लागू नये म्हणून मिळणारी सूट) माहीत नाही, ते बंद करा.

याच गणितात एक चमत्कारिक पट्टा दडला आहे. ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत कर शून्य. त्याच्या वर साधारण १३.४५ लाखांपर्यंत वाढवून मिळालेला प्रत्येक रुपया करात जातो, वर उपकर वेगळा. पावणेतेरावरून तेरा लाखांवर नेण्यासाठी एचआरशी तीन फोन घालवले तर मिळकत शून्यच, उलट हजार रुपयांचं नुकसान. या पट्ट्यात अडकलात तर ग्रॉस वाढवून मागण्याऐवजी तेवढी रक्कम कंपनीमार्फत एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) टाकायला सांगा. बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीचं योगदान नव्या करप्रणालीतही वजावटीला चालतं. पैसे मात्र बहुतांशी निवृत्तीपर्यंत अडकतात, हे समजून.

ग्लासडोर (५ पैकी अडीच)

अमेरिकी साइट, २०१८ पासून जपानच्या रिक्रूट होल्डिंग्जकडे. स्वतःचा पगार किंवा कंपनीबद्दलचं मत लिहिल्याशिवाय इथली माहिती पुरती उघडत नाही. नोंदी वाढवण्यासाठी हे ठीक असलं, तरी घाईत काहीही आकडा टाकून पुढे जाणाऱ्यांचा कचराही त्यातूनच साठतो. मूळ पगार आणि वरचं वेगळं दाखवण्याचा प्रयत्न इथे दिसतो, ती जमेची बाजू. बहुराष्ट्रीय कंपनी असेल तर उघडावी. नाशिक-कोल्हापूरची मध्यम कंपनी असेल तर वेळ घालवू नये. मुलाखतीत विचारलेले प्रश्न मात्र इथे चांगले मिळतात.

लेव्हल्स डॉट एफवायआय (प्रॉडक्ट कंपनीसाठी चार, इतरांसाठी एक)

मांडणीत तिघींत सरस. मूळ पगार, शेअर, बोनस असे तीन वेगळे रकाने, आणि पद कंपनीच्या अंतर्गत पातळीनुसार. त्यामुळे एका कंपनीतली पातळी दुसरीत कुठे बसते हेही ताडता येतं. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन किंवा त्या धाटणीच्या कंपनीची ऑफर असेल तर आधी इथेच यावं. सर्व्हिस कंपनी, कारखाना, बँकेची शाखा यांसाठी फारसं काही नाही.

शेअरच्या आकड्याला भुलू नये. तिथे दिसतो तो सहसा अनेक वर्षांच्या वाटपाचा एका वर्षाचा हिस्सा. प्रत्यक्षात वाटप सारखं असेलच असं नाही. अ‍ॅमेझॉनची ५-१५-४०-४० ही वाटणी प्रसिद्धच आहे: चार वर्षांपैकी पहिली दोन मिळून जेमतेम वीस टक्के. ऑफर शेअरवर उभी असेल तर चारही वर्षांचं वेळापत्रक मागा आणि पहिल्या वर्षाची रोख वेगळी काढा. शेअर ज्या दिवशी तुमच्या नावावर होतात त्या दिवशीच्या भावाने ते पगारात धरले जातात आणि कर तेव्हाच लागतो, तुम्ही विकले नसले तरी. शेअर बाजारात नोंद न झालेल्या स्टार्टअपच्या ईसॉप्सना (कर्मचाऱ्यांना देऊ केलेल्या शेअरच्या पर्यायांना) बोलणीत शून्य किंमत द्यावी. मिळाले तर आनंद.

फोनवर काय बोलायचं

टक्क्यांत बोलू नका. "तीस टक्के हाइक" म्हटलं की बोलणी तुमच्या जुन्या पगाराला बांधली जातात, आणि तो कमी असेल तर तीच कमतरता पुढच्या कंपनीत सोबत जाते. कॅलिफोर्नियासारख्या काही अमेरिकी राज्यांत उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी आहे. आपल्याकडे तशी सोय नाही. तो विचारला जाणार आणि खोटं बोलून भागणार नाही. शेवटच्या तीन पगारपावत्या, फॉर्म १६ आणि बऱ्याचदा यूएएनवरचा (पीएफच्या कायम क्रमांकावरचा) नोकऱ्यांचा इतिहास तपासला जातो. नंतर तफावत सापडली तर हातातली ऑफर जाते. खरा आकडा सांगा, फिक्स आणि व्हेरिएबल वेगळं करून, आणि एप्रिलची वाढ व्हायची असेल तर तीही सांगा.

मागणी अशी मांडता येते: "या कामासाठी आणि अनुभवासाठी मी फिक्स १२ ते १३ लाख बघतोय, व्हेरिएबल त्याच्या वर. तुमचं या ग्रेडचं बजेट कुठपर्यंत आहे?" खालचा आकडा असा सांगा, की तेवढाच मिळाला तरी हुरहुर राहणार नाही, कारण बहुतेकदा तोच मिळतो. एवढं बोलून गप्प बसायचं. पुढचे पाच सेकंद अवघड जातात आणि तिथेच माणसं "पण थोडं कमीजास्त चालेल" म्हणून स्वतःच स्वतःचा भाव उतरवतात. आईचं आजारपण, घराचा हप्ता ही कारणं सांगू नयेत. एचआरला वरच्याकडून मंजुरी घ्यायची असते आणि मंजुरीच्या मेलमध्ये ती लिहिता येत नाहीत. बाजारभाव, दुसरी ऑफर, दुर्मिळ कौशल्य, लवकर रुजू होण्याची तयारी, एवढंच तिथे चालतं.

वेळही महत्त्वाची. शेवटचा राउंड झाल्याचं कळल्यापासून ऑफर लेटर निघेपर्यंत काय ते बोलून घ्या. पत्र एकदा सिस्टीममधून निघालं की बदलासाठी सगळ्या मंजुऱ्या नव्याने लागतात, आणि मग "आता काही होणार नाही" हे उत्तर बऱ्याचदा खरंही असतं. फिक्स अडलंच तर पुढचं मागा: नव्वद दिवसांच्या नोटिशीचा बायआउट (लवकर सुटण्यासाठी जुन्या कंपनीला भरायची रक्कम), शहर बदलण्याचा खर्च, जॉइनिंग बोनस, आणि पहिल्या अप्रेझलची तारीख. ही शेवटची बाब फार जण विसरतात. काही कंपन्यांत ठरावीक तारखेनंतर रुजू झालेल्यांना त्या एप्रिलची वाढ मिळत नाही. दोन आठवडे आधी रुजू झाल्याने वर्ष वाचू शकतं. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत बस आणि कँटीन पगारातून कापतात की फुकट, हेही विचारा. महिन्याला हजार-दोन हजारांचा फरक तिथेच पडतो.

जॉइनिंग बोनसचं कलम नीट वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तुमच्या खात्यात येतो कर कापून आणि काही पत्रांत परत मागितला जातो कर न कापता, पूर्ण. दोन लाखांचा बोनस, ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला मिळाले १,३७,६००, भरायचे दोन लाख. "निव्वळ रकमेवर वसुली" असा बदल सही करण्याआधी मागता येतो.

पैसे घेऊन पगाराची बोलणी शिकवणारेही आता बरेच झालेत. लेव्हल्सवरही ती सेवा विकत मिळते. मोठ्या शेअरची, दोन-तीन कंपन्यांत चढाओढ असलेली ऑफर असेल तर ती फी वसूल होऊ शकते. दहा-पंधरा लाखांच्या सरळ ऑफरसाठी एवढा खर्च नको. तिथे एचआरकडून ब्रेकअपची एक्सेल शीट मेलवर मागवा. शीट आली की महिन्याचा ग्रॉस, दोन्ही बाजूंचा पीएफ, व्हेरिएबलच्या अटी आणि वसुलीची कलमं ओळखीच्या सीएला तासभर दाखवा. शीट द्यायलाच कंपनी टाळाटाळ करत असेल तर जुन्या कंपनीत राजीनामा टाकायची घाई करू नका.