अकरा हजार किलोमीटर कॉइलओव्हरवर: खाली केलेली पोलो मी परत वर का घेतली

मार्चमध्ये माझ्या २०१७ च्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयला कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेले आणि उंची बदलता येणारे संच, बसवले, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं: टायर आणि मडगार्डमधली ती चार बोटांची फट गेली पाहिजे. आता नोव्हेंबर संपत आलाय, अकरा हजार किलोमीटर झालेत आणि गाडी मूळ उंचीपेक्षा जेमतेम १५ मिलिमीटर खाली आहे. फट जवळपास होती तशीच. तरी पैसे पाण्यात गेले असं मला वाटत नाही.

आधी गाडीचा रोजचा दिनक्रम सांगतो. धायरी ते हिंजवडी, बायपासने, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. महिन्यातून एकदा आई-बाबांना मागे बसवून सातारा. घरात ही एकच गाडी, त्यामुळे गॅस सिलिंडरपासून गणपतीपर्यंत सगळं हिच्यातूनच येतं.

८२ हजारांवर कंपनीचे शॉकअप पार बसले होते. खंबाटकी चढताना वळणात मागचा भाग झोपाळ्यासारखा हलायचा. साधा उपाय म्हणजे नवे मूळ शॉकअप टाकायचे. दुसरा, बरेच जण करतात तो: शॉकअप तेच ठेवून नुसत्या आखूड स्प्रिंग. स्वस्तात गाडी खाली येते, पण शॉकअपचा दांडा कायम अर्धा आत दबलेला राहतो आणि खड्ड्यात शेवटच्या रबरावर, म्हणजे बंप स्टॉपवर, आदळतो. तिसरा कॉइलओव्हर. त्यातही प्रकार आहेत. बिलस्टीन कंपनीच्या बी१४ मध्ये फक्त उंची बदलते, बी१६ मध्ये डॅम्पिंगही, म्हणजे शॉकअप स्प्रिंगची हालचाल किती रोखतो तेही. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही१ ला डॅम्पिंग ठरलेलं, व्ही२ ला रिबाउंड (दबलेली स्प्रिंग उघडतानाचा विरोध) बदलता येतं, व्ही३ ला रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (स्प्रिंग दबतानाचा विरोध) वेगवेगळं. मी घेतला तो तैवानचा किट, डॅम्पिंगच्या फिरकीला ३० क्लिक असलेला, ज्यात उंची खालच्या ब्रॅकेटवर, म्हणजे शॉकअप चाकाकडे जोडणाऱ्या तुकड्यावर, बदलते. बसवणावळ धरून लाखाच्या थोडं वर गेलं. बायकोला आकडा अजून पूर्ण सांगितलेला नाही.

एक गोष्ट विकणारे सहसा बोलत नाहीत. पोलोला मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा, पीळ खाणारा एक आडवा दांडा. स्प्रिंग एका जागी, शॉकअप दुसऱ्या जागी. म्हणजे मागे खरा कॉइलओव्हर नसतोच. मिळतो तो वेगळा शॉकअप, वेगळी स्प्रिंग आणि स्प्रिंगखाली आटे पाडलेली एक बैठक. मागची उंची बदलायची तर स्प्रिंग बाहेर काढावी लागते. डिकी भरली की पटकन वर घेऊ, हे विसरा.

बसवायला दिलं त्या गॅरेजचं नाव घेत नाही, पण घोळ सांगायलाच हवा. मी म्हणालो ४० मिलिमीटर खाली. त्यांनी खालच्या ब्रॅकेटला हातही न लावता स्प्रिंगखालची रिंग सैल करून गाडी खाली आणली. दिसायला झकास. पण खड्ड्यातून चाक खाली सुटलं की पुढून ‘टक्’. प्रत्येक खड्ड्याला. तीन आठवडे मी लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, सगळ्यांवर संशय घेत बसलो. शेवटी रविवारी सोसायटीत जॅक लावून चाक काढलं आणि स्प्रिंगला बोट लावलं, तर ती गोल फिरली. लटकलेल्या चाकात स्प्रिंग मोकळी पडत होती आणि चाक वर येताना परत जागेवर बसत होती, त्याचा तो आवाज. रिंग वर घेऊन स्प्रिंगचा हलता खेळ संपवला, वर दोन-तीन मिलिमीटर दाब दिला आणि उंची ब्रॅकेटवरून केली. आवाज त्या दिवशीच गेला. तुमच्या किटला खालचं ब्रॅकेट असेल तर गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: उंची कुठून करणार?

आता उंची. कागदावर पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर. ४० काढले की १२५. त्यात चार माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पोलोचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच मावतात आणि पोट टेकत नाही. पण आमच्या गल्लीत कोण माप घेऊन डांबर ओततंय? हातभर रुंद, नाकासारखा टोकदार ब्रेकर असतो. पुढचं चाक उतरलेलं, मागचं चढायचंय आणि मध्ये गाडीचं पोट. सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प तर रोज सकाळी खर्रर्र करून हजेरी घ्यायचा. एप्रिलमध्ये साताऱ्याहून येताना बाबा मागून एवढंच म्हणाले, “अरे, शॉकअप बदललेस की काढून टाकलेस?”

खरं दुखणं मात्र घासण्यात नव्हतं. ते एका दहा रुपयांच्या केबल टायने दाखवलं. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर, रबरी बूट वर सरकवून, केबल टाय घट्ट बांधला आणि ऑफिसला जाऊन आलो. दांडा जितका आत जाईल तितका टाय वर ढकलला जातो. संध्याकाळी बघतो तर टाय थेट बंप स्टॉपला भिडलेला. एकटा माणूस गाडीत, साधा दिवस, तरी दांड्याला आत जायची जागा संपत होती. मग दर रविवारी पाच-पाच मिलिमीटर वर घेत गेलो. १५ वर आलो तेव्हा माझ्या नेहमीच्या रस्त्यावर टाय रबराच्या खाली राहू लागला. उंची तिथेच थांबवली. अलाइनमेंट मात्र दर बदलानंतर करायला हवी होती, ती मी ‘शेवटी एकदाच करू’ म्हणून टाळली आणि पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाऊन बसलो.

डॅम्पिंगमध्ये मी उलटाच विचार करत होतो. वाटायचं, फिरकी जितकी हार्ड तितकी गाडी घट्ट. बायपासवर नवले पुलाच्या अलीकडे रस्त्याला बारीक लाटा आहेत. तिथे हार्डवर गाडी दगडासारखी व्हायची. कारण असं की रिबाउंड फार घट्ट असलं तर दबलेली स्प्रिंग पुढचा धक्का यायच्या आत पूर्ण उघडतच नाही. धक्क्यामागून धक्का येतो, चाक आत आत जात राहतं आणि शेवटी तुम्ही बंप स्टॉपवर चालत असता. माझ्या किटमध्ये एकाच फिरकीने रिबाउंड बरंच आणि कॉम्प्रेशन थोडं, दोन्ही एकदम बदलतात. फुल सॉफ्टपासून मोजून पुढे ११ आणि मागे ७ क्लिकवर मी आलो, एका वेळी दोन-दोन क्लिक करत, तोच रस्ता, तोच वेग. जूनपासून फिरकीला हात लावलेला नाही. मागची फिरकी चाकाच्या कमानीत आत आहे, तिथवर बोटं नेताना कोपर सोलतं, हेही एक कारण.

हे जमल्यावर गाडी जी चालते, त्याला तोड नाही. खंबाटकीच्या वळणात एकदा झुकते, तिथेच थांबते, वळण संपलं की एकदा सरळ. हेलकावा नाही. मूळ सस्पेन्शनपेक्षा कडक आहेच. पेव्हर ब्लॉकवर सगळे ब्लॉक मोजता येतात. पण आई परवा साताऱ्याजवळच्या लिंब गावापर्यंत मस्त झोपली होती.

पावसाळ्याने दोन धडे दिले. शॉकअप वर गाडीला जिथे जोडतात त्या माउंटला रबराऐवजी पिलोबॉल, म्हणजे लोखंडी गोळा होता. जुलैत ताम्हिणीच्या दोन चकरा झाल्या आणि स्टिअरिंग फिरवलं की करकर सुरू. रेसट्रॅकवर ठीक असेल. मी रबरी माउंट मागवून टाकले. दुसरं, ऑक्टोबरात ब्रॅकेटची रिंग सोडवायला गेलो तर आट्यांत लाल माती सिमेंट होऊन बसलेली. सी-पाना सटकला, दोन बोटांची सालं गेली. पितळी ब्रशने घासून, गंज सोडवायचं तेल मारून, रात्रभर ठेवून मग सुटली. आता आट्यांवर तांबं मिसळलेलं ग्रीस आहे आणि वरून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे. दिसायला भिकार, पण माती आत जात नाही.

विमा कंपनीला बदल मेलने कळवून पोच ठेवली आहे. काढलेल्या स्प्रिंग गॅलरीत आहेत; गाडी विकताना परत लागतील.

गेल्या रविवारी चाकं काढली तेव्हा मागच्या उजव्या शॉकअपच्या दांड्यावर हलका तेलकट ओलावा दिसला. डावा कोरडा होता. पुसून ठेवलाय, महिन्याने परत बघतो.