रविवारी एकच पिक्चर: ९९९, ११६ की ००७?

बेळगावातली पावसाळी रविवार दुपार. बाहेर धार लागलीय, घरात चिरमुऱ्यांचा डबा फिरतोय आणि कुणीतरी म्हणतं, "जुना एखादा हेरांचा पिक्चर लाव की." झालं, भांडण सुरू. चिकोडीहून आलेल्या काकूंना कन्नडचे राजकुमार, आईला जितेंद्र, मामाला बाँड. एकच बघून होणार, कारण सात वाजता काकूंची बस. असा पेच तुमच्याकडेही पडत असेल, तर या भांडणांतून मला जे कळलं ते सांगतो.

आधी काकूंची बाजू, कारण पुण्यामुंबईच्या शौकिनांच्या यादीत ती नसतेच. कन्नड 'जेडर बले' (१९६८), म्हणजे कोळ्याचं जाळं. दिग्दर्शन दोरै-भगवान जोडीचं, संगीत जी. के. वेंकटेश यांचं आणि सीआयडी ९९९ प्रकाश झालेत राजकुमार. हेच राजकुमार १९६३ च्या कन्नड 'संत तुकारामा'त आपले तुकोबा होते. ज्यांच्यापुढे लोकांनी हात जोडले, तेच पाच वर्षांनी कोट-टाय घालून पिस्तूल रोखतात! काकूंना याचं अजून कौतुक. त्याच वर्षी पुढचा भाग आला, 'गोवादल्ली सीआयडी ९९९'. चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा, अशा आम्हा लोकांना हेराने परदेशाऐवजी तिथे जाणं घरचंच वाटतं. भाषेची धास्ती नको. 'एष्टु' (किती), 'बेड' (नको) एवढ्या बाजारातल्या भांडवलावर आईने अख्खा पिक्चर समजून घेतला. अडलं तिथे काकू होत्याच. चाल मात्र संथ आहे. एकट्याने बघितलात तर पेंगाल.

'फर्ज' (१९६७) सोपा. मूळ तेलुगू 'गूढचारी ११६', त्यात कृष्णा होते. हिंदीत जितेंद्र एजंट ११६ झाला. कथेत फार डोकं घालू नका. दिग्दर्शक रविकांत नगाइच मुळात ट्रिक फोटोग्राफीतला माणूस, त्यामुळे मारामारीला चमक आहे, पण लक्षात राहतात ती लक्ष्मीकांत-प्यारेलालची गाणी. 'बार बार दिन ये आए' आजही वाढदिवसाला वाजतं आणि केक कापणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते हेरपटातलं आहे याचा पत्ता नसतो. आई तर खलनायक आला की पोळ्या लाटायला उठते आणि गाणं लागलं की लाटणं हातात धरून परत येते.

आता मामा. बाँडमध्ये बहुतेक लोक 'गोल्डफिंगर' (१९६४) सुचवतात. मी मामाच्या बाजूचा: 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३). शॉन कॉनरीचा दुसरा बाँडपट, दिग्दर्शक टेरेन्स यंग. यात अवजारांची जत्रा नाही. एक काळी ब्रीफकेस आहे, बस. आत घडीची बंदूक, सुरी, पन्नास सोन्याची नाणी आणि टाल्कम पावडरच्या डब्यात दडवलेला अश्रुधूर. नेहमीसारखी उघडली तर धूर तोंडावर; आधी खटके आडवे फिरवायचे. हे सुरुवातीलाच शांतपणे समजावून सांगितलं जातं आणि मग आपण तासभर विसरून जातो.

ओरिएंट एक्स्प्रेसच्या डब्यातली मारामारी बघताना आवाज वाढवा. पार्श्वसंगीत बंद आहे. निळसर अंधार, रुळांचा खडखडाट आणि दोन माणसांचा दम. हाणताना कोपर भिंतीला लागतं तेसुद्धा ऐकू येतं. समोर रॉबर्ट शॉ, इंग्रज हेराचं सोंग घेतलेला मारेकरी. त्याआधी जेवणात तो माशाबरोबर लाल वाइन मागवतो आणि तिथेच त्याचं सोंग उघडं पडायला हवं होतं, हे बाँडच्या उशिरा लक्षात येतं. आमच्या घरी हा धागा कुणालाच कळला नव्हता. मामाने सांगितलं, "अगं, सुरमईवर दुधाचा पेला मागवला असं समज." आईने लगेच तोंड वाकडं केलं. तेव्हा कळलं.

बाँडचा झगमगाटच नको असेल तर 'द इप्क्रेस फाइल' (१९६५). बाँडपटांच्या निर्मात्यांपैकी हॅरी सॉल्ट्झमनचाच हा पिक्चर, संगीतही जॉन बॅरीचं, पण मायकेल केनचा हेर चष्मा लावतो, साहेबाची बोलणी खातो आणि घरी ऑम्लेट करतो. मला मनापासून आवडतो. पण चार माणसांत लावू नका; "हा कोण गा?" विचारून विचारून जीव खातात.

तर घरात काकू-आजी असतील आणि कन्नड कानावरून जात असेल, तर बिनधास्त ९९९. मध्ये उठबस, फोन, स्वयंपाक चालणार असेल तर 'फर्ज', काही चुकत नाही. दोन-तीन जण नीट बसून बघणार असाल तर रशियावाला, आणि तोही शक्यतो रात्री.

गेल्या खेपेला काकूंनीच हट्ट सोडला नि मामाचा पिक्चर लागला. सातची बस चुकली. डब्यातली मारामारी संपेपर्यंत त्या छत्री हातात घेऊन दारातच उभ्या होत्या.